घरातली खाऱ्या पाण्याची टाकी

चारशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवायची, तर मासे आणायची घाई नको. टाकी भरून पंप सुरू करा, रोज चिमूटभर खाद्य टाका आणि चार ते सहा आठवडे थांबा. खाद्य कुजून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. जिवाणूंची ही वसाहत बसली नसेल, तर महागडा फिल्टरही काही कामाचा नाही.

मोठ्या टाकीला प्रोटीन स्किमर मात्र हवाच. त्यातल्या बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि वरच्या कपात चहाच्या रंगाचं, उग्र वासाचं पाणी साचतं. तो कप दोन-तीन दिवसांनी धुवायचा. टाकीतलं पाणी आटलं, तर भर गोड्या आर. ओ. पाण्याची घालायची, कारण मीठ वाफेबरोबर उडत नाही. नवखे इथेच हमखास चुकतात.

आता सोबत्यांचं. क्लाउनफिश बहुतेकांशी जमवून घेतो. डॅमसेल दिसायला इवलासा, पण महाभांडखोर. त्याला सगळ्यांत शेवटी सोडा. लायनफिश तोंडात मावेल तो मासा गिळतो. ट्रिगरफिश असेल, तर कोळंबीची आशा सोडा.

आणि हो, प्रवाळ आणि समुद्री घोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. कुणी प्रवाळाचा ‘जिवंत दगड’ देऊ केला, तरी घेऊ नका. सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे जिवाणूंना तितकेच चालतात.