उघडी मूठ



सकाळीं साडेदहाच्या सुमारास अंधेरी स्थानकाबाहेर क्षणभर थांबण्याचा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांस आला असेल. एका बाजूस पांढऱ्या टोप्या घातलेले डबेवाले जमिनीवर डबे मांडून त्यांची निवड करीत असतात. दुसऱ्या बाजूनें गळ्यांत ओळखपत्र अडकविलेलीं तरुण मुलेंमुली पूर्वेकडील सीप्झच्या वाटेनें लगबगीनें निघालेलीं असतात. पहिल्यांचा धंदा 1890 च्या सुमारास सुरू झालेला. दुसऱ्यांचें सीप्झ 1973 मध्यें स्थापन झालेलें. दोघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल असें वरवर पाहतां वाटत नाहीं. परंतु पुष्कळांनीं मिळून एक काम नीट कसें करावें, ही विद्या दोघांनाही लागते; आणि आज मला त्या विद्येविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत.

माझ्या बोलण्यास निमित्त झाली ती बोरिवलीच्या आमच्या इमारतींतील एक मुलगी. अंधेरीच्या एका कचेरींत ती संगणकाच्या प्रणाली तयार करण्याचें काम करते. एके दिवशीं संध्याकाळीं ती आमच्याकडे येऊन बसली व म्हणाली, “काका, आमच्याकडे रोज सकाळीं 15 मिनिटें उभ्यानें सभा भरते. काल काय केलें, आज काय करणार आणि अडचण कोणती, एवढें प्रत्येकानें सांगावयाचें. तिसऱ्या प्रश्नाला आम्ही सगळे एकच उत्तर देतों – कांहीं नाहीं.”

“खरोखरच कांहीं अडचण नसते?” मीं विचारलें.

“असते ना! पण पहिल्याच आठवड्यांत एका मुलानें आपली अडचण सांगितली, तेव्हां साहेबांनीं सर्वांदेखत विचारलें, ‘मग इतके दिवस काय करीत होतास?’ त्या दिवसापासून कोणालाच अडचण येत नाहीं.”

पुढचें तिनें जरा थांबून सांगितलें. तिच्या स्वतःच्या कामांत हिशेबाची एक चूक राहिली होती. ती तिला पहिल्याच दिवशीं दिसली होती. दुरुस्तीस फार तर दोन तास लागले असते, परंतु त्यासाठीं दुसऱ्या एका सोबत्याचें साहाय्य मागावें लागणार होतें. नऊ दिवस ती गप्प राहिली. दहाव्या दिवशीं ती चूक ग्राहकाच्या घरीं जाऊन पोंचली आणि मग ती निस्तरण्यास तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत तिला रात्रीं नीट झोंप लागली नाहीं, आणि नोकरी सोडावी असेंही तिच्या मनांत येऊन गेलें.

ही जी उभ्यानें भरणारी सभा, ती ज्या कार्यपद्धतीचा भाग आहे तिला ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ, पद्धति म्हणतात. तिचें मूळ केवळ संगणकाच्या धंद्यांत नाहीं. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनीं 1986 मध्यें एक लेख लिहिला. होंडा, कॅनन यांसारख्या कारखान्यांत नव्या वस्तु कशा घडतात, हें त्यांनीं त्यांत तपासलें. जुनी रीत अशी, कीं एका विभागानें आपलें काम पुरें करून दुसऱ्याच्या हातीं द्यावें, दुसऱ्यानें तिसऱ्याच्या; रिलेच्या शर्यतींतील दांड्याप्रमाणें. त्या यशस्वी कारखान्यांत मात्र आराखडा काढणारा, यंत्र चालविणारा आणि विक्री करणारा अशी सारी मंडळी आरंभापासून एकत्र धांवत असत. रग्बीच्या संघाप्रमाणें चेंडू एकमेकांकडे देत देत. पुढें फेब्रुवारी 2001 मध्यें अमेरिकेच्या यूटा राज्यांत स्नोबर्ड या डोंगराळ ठिकाणीं 17 संगणकतज्ज्ञ जमले आणि त्यांनीं या विचाराचा एक छोटासा जाहीरनामा काढला. त्याचें सार साध्या शब्दांत असें सांगतां येईल: जाडजूड योजनेपेक्षां चालणारी वस्तु मोलाची समजावी, ग्राहकाला करारानें बांधून ठेवण्यापेक्षां त्याला सोबत घ्यावें, काम लहान लहान टप्प्यांनीं करावें, प्रत्येक टप्प्याअखेर तें दाखवावें, आणि मग सर्वांनीं बसून काय चुकलें याचा विचार करावा.

आमचा शिंपी हेंच करीत आला आहे. कोट एकदम शिवून तो आपल्या हातीं देत नाहीं. आधीं कच्चा टांका घालतो, अंगावर चढवून पाहतो, खडूनें खुणा करतो आणि मग पक्की शिलाई घालतो. म्हणजे या पद्धतींतील चपळाई ही घाई नव्हे. चूक लहान असतांनाच ती डोळ्यांपुढें यावी, हा तिचा खरा हेतु आहे.

आपल्या उपनगरांतच याचें एक चांगलें उदाहरण आहे. घाटकोपर सोडून मुलुंडकडे निघालें कीं पुढचें स्थानक विक्रोळी. तेथील गोदरेज कंपनी 1958 पासून फ्रिज बनवीत आलेली. 2006-07 च्या सुमारास तेथील कांहीं मंडळींना एक प्रश्न पडला. त्या वेळीं देशांतील सुमारें पांचांपैकीं चार घरांत फ्रिज नव्हता. या घरांसाठीं काय करतां येईल? सहज सुचणारा मार्ग म्हणजे मोठा फ्रिज लहान व स्वस्त करणें. परंतु ही मंडळी खेड्यांतल्या आणि लहान गांवांतल्या घरांत जाऊन बसली, तेव्हां त्यांना निराळेंच दिसलें. एका खोलीचा संसार, केव्हांही जाणारी वीज, रोजचा बाजार रोज. त्या कुटुंबांना बर्फाची फारशी गरजच नव्हती. पांचसहा बाटल्या गार पाणी, उरलेलें अन्न आणि थोडी भाजी एकदोन दिवस टिकली कीं पुरे होतें.

मग जुना सांचा बाजूस ठेवून विचार सुरू झाला. पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला 1834 मध्यें असें आढळलें होतें, कीं दोन निराळ्या धातूंच्या सांध्यांतून वीज वाहूं लागली म्हणजे एक बाजू थंड होते व दुसरी गरम. त्या तत्त्वावर चालणारी लहानशी चकती आणि एक पंखा घेऊन कॉम्प्रेसरला रजा देण्यांत आली. दार समोर न ठेवतां वर झांकण ठेवलें, कारण थंड हवा जड असते. झांकण उघडलें तरी ती खालींच राहते. बॅटरीवरही चालणारी, आठ किलोंहूनही हलकी, सुमारें 43 लिटरांची ही पेटी ‘छोटूकूल’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. फेब्रुवारी 2008 मध्यें, म्हणजे पक्की शिलाई घालण्यापूर्वीं, तिचे नमुने तेव्हांच्या उस्मानाबादेंत, आजच्या धाराशिवांत, सुमारें 600 स्त्रियांपुढें मांडण्यांत आले. पेटीच्या रचनेपासून रंगापर्यंत त्या स्त्रियांचें मत विचारण्यांत आलें.

येथें गोष्ट संपली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु खरी गोष्ट तशी नाहीं. सुमारें 3,250 रुपये किंमतीची ही पेटी ज्या कुटुंबांसाठीं घडविली, त्यांच्यांत ती अपेक्षेइतकी खपली नाहीं. मात्र हें दिसतांच हट्ट धरण्यांत आला नाहीं. शहरांतले छोटे दुकानदार, मोटारीनें प्रवास करणारे अशा निराळ्या ग्राहकांकडे ती वळविण्यांत आली. चपळ पद्धति यशाची हमी देत नाहीं, हें या उदाहरणानें स्पष्ट होतें. ती एवढेंच करते, कीं सत्य लवकर हातीं लागतें आणि मार्ग बदलण्यास वेळ उरतो.

आतां आमच्या बोरिवलीच्या मुलीकडे वळूं. तिच्या कचेरींत सभा रोज भरत होती, फळ्यावर रंगीत चिठ्या लावल्या जात होत्या, दर दोन आठवड्यांनीं काम दाखविलें जात होतें. विधि सर्व यथासांग होता. मग नऊ दिवस चूक लपली कशी? उत्तर असें, कीं विधीमागील प्राण नव्हता. आपल्याकडे म्हण आहे, ‘झांकली मूठ सव्वा लाखाची.’ लग्नाच्या बोलण्यांत ती खरी असेल. कामाच्या ठिकाणीं मात्र झांकलेल्या मुठीची किंमत रोज चढत जाते, आणि ती सर्वांना मिळून फेडावी लागते. चपळ पद्धति म्हणजे रोज सकाळीं मूठ उघडण्याचा परिपाठ. परंतु उघडलेल्या हातावर छडी बसणार असेल, तर शहाणा मनुष्य मूठ मिटूनच ठेवील.

या बाबतींत हार्वर्ड येथील एमी एडमंडसन या विदुषीचा अनुभव मोठा उद्बोधक आहे. 1990 नंतरच्या दशकांत त्या रुग्णालयांतील परिचारिकांचे गट अभ्यासीत होत्या. औषधें देण्यांत कोणाच्या चुका अधिक होतात, हें त्यांना पाहावयाचें होतें. चांगल्या गटांत चुका कमी असतील ही त्यांची अपेक्षा. पण आंकडे उलटे आले. चांगल्या गटांच्याच चुका अधिक! विचारांतीं त्यांच्या ध्यानांत आलें, कीं त्या गटांत चुका अधिक होत असतील असें नव्हे. तेथें त्या मोकळेपणानें सांगितल्या जातात. इतरत्र त्या झांकल्या जातात. यांतूनच 1999 मध्यें त्यांनीं मांडलेली मानसिक निर्भयतेची कल्पना पुढें जगभर मान्य झाली. जपानांत टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराला दोष दिसतांच एक दोरी ओढण्याची मुभा असे. दोरी ओढली कीं मुकादम धांवत येई, तो मदतीस. ‘दोरी कां ओढलीस’ असें तो विचारूं लागला असता, तर दुसऱ्या दिवसापासून ती दोरी नुसती शोभेची उरली असती.

आणि आतां पुन्हां अंधेरी स्थानकाबाहेर जाऊं. डबेवाल्यांच्या गटाचा मुकादम नुसता हुकूम सोडीत नाहीं. तो स्वतः त्याच धंद्यांत मुरलेला असतो. गटाची कमाई वांटून घेतली जाते, म्हणून एकाची अडचण ती सर्वांची अडचण होते. शिवाय गटांत गरजेपेक्षां दोनतीन माणसें अधिक ठेवण्याची त्यांची रीत आहे. एखादा आजारी पडला, एखाद्याची गाडी चुकली, तरी डबा वेळेवर पोंचतो. हार्वर्डच्या अभ्यासकांनीं 2010 मध्यें या व्यवस्थेवर प्रकरण लिहिलें, तें कांहीं उगीच नव्हे. 2020 च्या साथींत लोकल गाड्या बंद पडल्या आणि या धंद्यास मोठा धक्का बसला; डबेवाल्यांची संख्या पुष्कळ घटली. तथापि त्यांच्या संघटनेंतील हा शहाणपणा त्यामुळें खोटा ठरत नाहीं. प्रत्येक माणसाचा प्रत्येक तास कामानें ठासून भरला, तर दुसऱ्याला हात देण्यास उसंत कोणाला राहील?

तेव्हां ज्यांच्या हाताखालीं चार माणसें आहेत, त्यांना माझी विनंति एवढीच आहे. ‘कोणाचें चुकलें’ असें न विचारतां ‘काय चुकलें’ असें विचारावें. कामांत थोडी सवड ठेवावी. आणि मुख्य म्हणजे आपली स्वतःची अडचण सर्वांआधीं सांगावी. वडीलधाऱ्यानें मूठ उघडल्यावांचून धाकट्यांची उघडत नाहीं. घरींसुद्धां हेंच नाहीं का? परीक्षेंत कमी गुण मिळाले कीं प्रगतिपुस्तक पिशवीच्या तळाशीं जातें, तें मुलाच्या स्वभावामुळें कीं आपल्या पहिल्या प्रश्नामुळें, याचा आपण आपल्याशींच विचार करावा.

ती मुलगी परवां जिन्यांत भेटली. नोकरी तिनें सोडली नाहीं. आतां तिच्या हाताखालीं तीन नवीं मुलें आलीं आहेत. मीं विचारलें, “तुमची ती सकाळची सभा कशी काय चालते?” ती हंसून म्हणाली, “काका, तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आतां मीच पहिल्यानें देतें. पहिले चार दिवस मुलें नुसतीं माझ्याकडे पाहत राहिलीं. पांचव्या दिवशीं एकानें तोंड उघडलें.”

“मग तूं काय म्हणालीस?”

“म्हटलें, बरें झालें आजच सांगितलेंस. चल, दोघें मिळून पाहूं.”