काळ्या डुंगरावरून आठवलेले माहेर

आमच्या बचत गटातल्या अकरा जणी यंदा कच्छला जाऊन आलो. वर्ध्याहून अहमदाबाद, मग भुज, आणि खावड्याच्या पुढे काळो डुंगर. कच्छमधली ही सर्वांत उंच जागा, सुमारे 460 मीटर. वर दत्ताचे जुने देऊळ आहे. आपण दत्ताला माहूरला जातो. तोच दत्त पाकिस्तानच्या हद्दीजवळ भेटला, तेव्हा घरचेच माणूस भेटल्यासारखे वाटले.

तिथली कथा अशी. भुकेल्या कोल्ह्यांना द्यायला काही नव्हते, म्हणून दत्ताने ‘ले अंग’ म्हणत स्वतःचे अंग पुढे केले. आजही आरतीनंतर पुजारी ‘लोंग, लोंग’ अशी हाक मारतात आणि ओट्यावर कोल्ह्यांसाठी भाताचा प्रसाद ठेवतात.

उत्तरेला नुसते पांढरे रण. पाकिस्तान कुठे सुरू होतो, म्हणून आम्ही डोळे ताणत होतो. पण मीठ सगळीकडे सारखेच!

तिथे भरतकाम विकणारी एक आजी भेटली. तिने सूफ भरत दाखवले. कापडाच्या उलट्या बाजूने धागे मोजत टाके घालायचे, नक्षी सुलट्या बाजूला उमटते. 1971च्या युद्धानंतर थरपारकरमधली अनेक कुटुंबे कच्छात आली, त्यांत ही सासरच्यांबरोबर आली. आईवडील तिकडेच राहिले. आई गेल्याची बातमी तिला दोन महिन्यांनी कळली. रणाकडे हात करून म्हणाली, “टाका आईने शिकवला. तेवढेच माहेर माझ्याजवळ आहे.”

आमच्यातली एक जण गप्पच झाली. तिचे माहेर आर्वीचे. शेताच्या वाटणीवरून भावाशी बिनसले आणि सहा वर्षे तिने माहेरचा उंबरठा ओलांडला नव्हता. त्या रात्री भुजहून तिने आईला फोन लावला. परत आल्यावर एसटीचे अर्धे तिकीट काढून गेली, आईच्या हातची चून-भाकर खाऊन आली.

वाटणी अजून झालेली नाही. 2005च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. तो तिने सोडलेला नाही, सोडूही नये. पण हक्काचे भांडण वेगळे आणि आईची भेट वेगळी.

मैत्रिणींनो, आपल्या माहेरच्या वाटेवर सरहद्द नाही. या आठवड्यात जाऊन या.