कौल मागण्याआधी



‘सार्वमत आणि समाजमाध्यमांवरची चर्चा’ हा विषय आम्ही, स्वागत समितीने, नागपूरसाठी मुद्दाम निवडला. १९५६ पर्यंत हे मध्य प्रदेशच्या राजधानीचे शहर होते. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली, ती बाजूला पडली, आणि तो प्रश्न इथल्या पानठेल्यांवर आजही निघतो. जनमंच या विदर्भवादी संघटनेने इथे मतपेट्या मांडून प्रतीकात्मक जनमतही घेतले. कौल प्रचंड बहुमताने विदर्भाच्या बाजूने लागला. मी स्वतः त्याच बाजूचा. तरी सांगतो, ज्या मोजणीत ‘नको’ म्हणणारा जेमतेम दिसतो, तिथे आपली ताकद कळते. युक्तिवादाचा कस लागत नाही.

तो कस गोव्यात लागला. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? मतपत्रिकेवरच्या चिन्हांत सांगायचे तर, फूल की दोन पाने? कौल निर्वेध व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधीच पायउतार झाले होते. ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ सदरातून विलीनीकरणाविरुद्ध लिहीत. मराठीतूनच महाराष्ट्राला नकार देता येतो, हे तेव्हा अनेकांना पचले नसेल. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरले. आणि मार्चमध्ये त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिले! प्रश्न वेगळा आणि माणूस वेगळा, हे गोवेकरांना नेमके कळले होते. (मतपत्रिकेवर नसलेला तिसरा पर्याय, स्वतंत्र राज्य, त्यांना १९८७ मध्ये मिळाला.)

आज फोनवर हेच भान सुटते. सिंचनाच्या अनुशेषाचा आकडा मागणारा ‘विदर्भद्रोही’ होतो, वेगळे राज्य मागणारा ‘महाराष्ट्रद्रोही’. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून माझे धाकटे साडभाऊ याच वादात बाहेर पडले. त्यांचा प्रश्न साधा होता: नव्या राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च कुठून निघेल? उत्तर कोणीच दिले नाही, मीही नाही. ती खंत अजून आहे.

म्हणून दुपारच्या सत्रात विदर्भवादी आणि अखंड महाराष्ट्रवादी एकाच मंचावर बसतील. प्रत्येकाने आधी समोरच्याचा मुद्दा, त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचा, मग आपला. माझे साडभाऊ दुसऱ्या रांगेत बसले आहेत. तो पगाराचा प्रश्न पहिला घ्यावा, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.