कांद्याचे गोंडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फुलबागेवर चार शब्द बोला, असे बाईंनी सांगितले. माझ्या अंगणात गुलाब नाही, शेवंती नाही. तुळशीपलीकडच्या वाफ्यात कांदे फुलतात. माघ-फाल्गुनात पोकळ दांड्यांवर पांढरे गोल गोंडे डोलू लागले म्हणजे फाट्यावर उतरून घरी आलेली पाहुणी विचारते, "हे कोणते फूल हो?" कांदा म्हटले की हसते. सासूबाई म्हणतात, "देवाला चालत नाही ते फूल कशाला?" मी म्हणते, मधमाशीला चालते ना!

भाचीने मोबाईलवर परदेशच्या बागांतले जांभळे गोंडे दाखविले. तेही कांद्याच्याच कुळातले, मध्य आशियातल्या डोंगरांचे. त्यांना कडक थंडी लागते. आपल्या उन्हात ते कसले टिकतात!

मला हा नाद हौसेने लागला नाही. एका वर्षी विकतचे उळे आणून दहा गुंठ्यांचे रोप टाकले. निम्मे उगवलेच नाही. उगवले त्यातही डेंगळे आणि जोडकांदेच फार. थोरलीची कॉलेजची फी त्या कांद्यावर भरायची होती. ती शेवटी माझी पाटली मोडून भरली.

तेव्हापासून कांदेनवमीला चाळीतले कांदे उपसताना सारख्या आकाराचे, घट्ट, बारीक मानेचे ऐंशी-शंभर बाजूला काढते. चातुर्मासात घरात कांदा शिजत नाही, म्हणून ते आपोआप वाचतात. कार्तिकात प्रत्येकाचा वरचा तिसरा हिस्सा कापून बघते. आत एकच डोळा असला तर लावायचा, दोन असले तर भाजीत. दोन कांद्यांत वीतभर आणि दोन ओळींत हातभर जागा ठेवते. लाल आणि पांढरा जवळ फुलवू नये, माशी दोन्हीकडे जाते आणि बी भेसळीचे होते. प्रमाणित बियाण्याला तर निदान ५०० मीटर अंतर लागते.

दुसऱ्या वर्षी मात्र आमच्याच हातून चूक झाली. फुलकिडे दिसले म्हणून आमच्या घरच्यांनी भर फुलोऱ्यात, सकाळी दहा वाजता औषध फवारले. माशा गेल्या. गोंडे दिसायला भरगच्च, चोळले तर नुसता भुसा! कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो, बीजाची बाजू मागून तयार होते. म्हणून माशीने दुसऱ्या फुलावरचा पराग आणावाच लागतो. आता फूल उमलले की फवारणी बंद. यावरून आमचे दोन दिवस बोलणे नव्हते, तेही सांगून टाकते.

गोंड्यात काळे बी डोकावू लागले की सकाळच्या दवात कापावे, उन्हात कापले तर बी मातीत सांडते. सगळे एकदम पिकत नाहीत, तीन-चार तोडे होतात. सावलीत वाळवून, चोळून, पाखडून घट्ट डब्यात ठेवावे. पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. आठ-दहा दिवसांत सत्तरांहून कमी मोडले तर ते बी टाकू नये.

गेल्या उन्हाळ्यात किलोभर उळे निघाले. दहा गुंठ्यांना तेवढे पुरते. वर मूठभर उरले आहे. उळे वर्षापलीकडे उगवत नाही, तेव्हा जिला हवे तिने चहा झाल्यावर माझ्याकडे यावे. पुडी बांधून आणली आहे.