गण भरला की राज्य

(26 जानेवारीला पोंभुर्णा येथे गावोगावच्या वनहक्क समित्यांच्या बैठकीत झालेलं भाषण. टिपणावरून उतरवलं आहे.)



सकाळी झेंडा झाला, पोरांनी घोषणा दिल्या. आता इथं बसलो तर मागं बसलेल्या एका आजीनं विचारलं, "बाबू, प्रजासत्ताक अन् गणराज्य एकच का? गणराज्य म्हणजे गणपतीचं राज्य का?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज मी दाव्यांच्या कागदांवर बोलणार होतो. आजीच्या प्रश्नापासून सुरू करतो, कागदांवर आपोआप येऊ.

दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत. राजा नाही, लोकच राज्य चालवतात. आजच्या दिवसाला आपण प्रजासत्ताक दिन म्हणतो. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत मात्र गणराज्य हा शब्द आहे. मला तो जास्त पटतो. काहून? प्रजा म्हटली की समोर राजा उभा राहतो. प्रजा अर्ज करते, हात जोडते, मायबाप म्हणते. आपण राजा काढला, पण हात जोडायची सवय राहून गेली.

गण म्हणजे समूह. गणती, गणित, जनगणना हे सगळे त्याच घरचे शब्द. म्हणून मी गणाचा अर्थ असा धरतो : ज्यात माणूस मोजला जातो तो गण. गणपती म्हणजे गणाचा मुख्य, म्हणजे आजी फार चुकली नाही. पंचायत समितीच्या निवडणुकीत आपण 'गण' ऐकतो. आणि ग्रामसभेत सचिव म्हणतात, "गणपूर्ती झाली नाही." म्हणजे गण पुरा भरला नाही. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं कामाचा आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या काळात वैशालीला वज्जींचं गणराज्य होतं. एक राजा नव्हता. संथागार नावाच्या सभागृहात बसून ते निर्णय करत. मगधच्या अजातशत्रूला ते जिंकायचे होते. त्यानं आपला मंत्री वस्सकार बुद्धाकडे पाठवला. बुद्धानं मंत्र्याला थेट उत्तर दिलं नाही. बाजूला उभ्या आनंदाला विचारलं : वज्जी वारंवार सभा घेतात ना? एकत्र बसतात, एकत्र उठतात ना? आनंद म्हणाला, हो. बुद्ध म्हणाले, मग त्यांची हानी होणार नाही. मंत्री काय ते समजला. पुढची गोष्ट पालीतल्या जुन्या टीकेत आहे. वस्सकार वैशालीत जाऊन राहिला आणि याच्या कानात एक, त्याच्या कानात दुसरं असं सांगत फूट पाडली. शेवटी फौज आली, सभेचा नगारा वाजला, तर कोणीच जमलं नाही. लढाईच्या आधीच गणराज्य संपलं होतं.

पण वैशालीचं गुणगानच करायचं नाही. तिथं सभेत बसायचे ते मोठ्या क्षत्रिय घराण्यांतले पुरुष. जातककथेत त्यांचा आकडा 7,707 सांगितला आहे. त्यांची शेती कसणारे दास आणि मजूर त्या मोजणीत नव्हते. बायाही नव्हत्या. राजा नव्हता हे खरं, पण राबणाऱ्याचं नावही नव्हतं.

संविधान सभेत हा विषय निघाला होता. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी आठवण दिली की या देशात एकेकाळी पुष्कळ गणराज्यं होती आणि भिक्खुसंघाला ठराव, मतमोजणी, गणपूर्ती यांचे नियम ठाऊक होते. देशानं ती पद्धत गमावली, पुन्हाही गमावेल का, ही त्यांची काळजी होती. त्याआधी 19 डिसेंबर 1946 ला जयपालसिंग मुंडा उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका. संविधान सभेत पुरुषच जास्त झाले, बाया आणखी पाहिजेत, हेही ते बोलले.

आता आपल्या कागदांवर येतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगलाचा हक्क ठरवायचं काम कुठून सुरू केलं? ग्रामसभेपासून. गावातली सगळी प्रौढ माणसं म्हणजे ही ग्रामसभा. पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता आहे, वनहक्क कायद्याला तो बांध नाही. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतले कमी ते, एवढ्यावर गणपूर्ती होते. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बाया.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथले लोक म्हणतात, "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." ते निर्णय बहुमतानं करत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत बसतात. आपल्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हजार हेक्टरवर हक्क मिळाला. ते स्वतःचा बांबू स्वतः विकतात.

आपल्याकडे काय चालतं? रागावू नका, माझ्या गावाचं सांगतो. सभेला अठरा माणसं आली. दुसऱ्या दिवशी हाजरी रजिस्टर घरोघर फिरलं. बाईचा अंगठा नवऱ्यानं लावला. टोलीवरची चार घरं सुटली, कारण त्यांच्याशी धुऱ्याचं भांडण. पुढं वरच्या समितीनं विचारलं, ही सभा कधी झाली? कोणालाच धड सांगता आलं नाही. सामूहिक दावा परत आला. त्यात जबरानजोतवाल्यांचे दावेही अडकले. चूक फॉरेस्टवाल्यांची नव्हती. आमचा गण भरला नव्हता.

म्हणून तीन गोष्टी करा. दवंडी प्रत्येक टोलीवर द्या. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांना आधी बोलवा. दुसऱ्या समाजाची घरंही गावाचीच आहेत, तीही मोजा. सही सभेतच, ज्याची त्यानं, ज्या बाईची तिनं. निम्मे भरले नाहीत तर सभा तहकूब करा आणि पुन्हा बोलवा. तेंदू-मोहाचा हंगाम सुरू झाला की माणसं जंगलात जातील, म्हणून फेब्रुवारीतच करा.

आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. तुम्ही सभेत येऊन बसलात, तुमचं नाव मोजलं गेलं, तुमचं बोलणं लिहिलं गेलं, की ते गणराज्य. तुमचा अंगठा दुसऱ्यानं लावला तर आपण अजून प्रजाच.

जय सेवा!