युद्धांतील अंधार



१९७१ सालच्या डिसेंबरांत मी शाळकरी मुलगा होतों. रात्रीं खिडक्यांना काळे कागद लावीत आणि मिणमिणत्या दिव्याशीं आम्ही रेडिओभोंवतीं बसत असूं. तो अंधार शत्रूच्या विमानांसाठीं होता. बातमी आमच्यापर्यंत पोंचत होती. आज ज्या अंधाराविषयीं मला बोलावयाचें आहे, तो निराळ्या जातीचा होता.

इथिओपियाच्या उत्तरेस टिग्राय नांवाचा प्रांत आहे. वस्ती सुमारें ६० लाख. हैले सेलासी यांच्या अमदानींत आपल्या देशांतील पुष्कळ शिक्षक तिकडे शिकवावयास गेले होते, म्हणून आम्हां मास्तरमंडळींना त्या देशाचें नांव परकें वाटत नाहीं. २०२० च्या ३ नोव्हेंबरच्या रात्रीं ह्या प्रांतांतील सत्ताधारी पक्षाच्या सैनिकांनीं केंद्र सरकारच्या लष्करी तळांवर हल्ला केला. पंतप्रधान आबी अहमद यांनीं फौजा धाडल्या, आणि टेलिफोन व इंटरनेट हीं दोन्हीं बंद पडलीं. आदल्याच वर्षीं ह्या गृहस्थांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. इंटरनेट म्हणजे कांहीं हवा-पाणी नव्हे, असेंही ते त्याच वर्षीं बोलून गेले होते! तारा प्रतिपक्षानें तोडल्या, असें सरकारी बाजूनें सांगण्यांत आलें. परंतु दळणवळणाचा सारा कारभार तेव्हां एकाच सरकारी कंपनीच्या हातीं होता, हें विसरून चालणार नाहीं.

प्राचीन शिलास्तंभांसाठीं प्रसिद्ध असलेल्या अक्सुम शहरांत २८ व २९ नोव्हेंबर रोजीं एरिट्रियाच्या सैनिकांनीं शेंकडों नागरिक ठार मारले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ह्या संस्थेनें वाचलेल्या व प्रत्यक्ष पाहिलेल्या ४१ जणांच्या जबान्या घेतल्या. त्यांतील पुष्कळजण सुदानमधील निर्वासितांच्या छावण्यांत पोंचलेले होते. तिचा अहवाल निघाला २६ फेब्रुवारी २०२१ रोजीं. क्षणांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या विद्युत्संदेशाच्या युगांत ह्या बातमीस तीन महिने लागले! एरिट्रियाचें सैन्य आपल्या भूमींत आहे, ही गोष्टही सरकारनें मार्च महिन्यांतच कबूल केली.

युद्धकाळीं कांहीं गोष्टी झांकाव्या लागतात, हें मला मान्य आहे. फौजेचा मुक्काम कोणी चव्हाट्यावर सांगूं नये. पण माय काद्रा गांवाची हकीकत पाहा. तेथें ९ नोव्हेंबरला शेंकडों माणसें मारलीं गेलीं. त्यांत बहुतेक अम्हारा जातीचे, म्हणजे सरकारपक्षाचे मानले जाणारे लोक होते. बाहेरच्या माणसाला आंत जाऊन पाहतां येईना, आणि दोन्ही पक्ष परस्परांवर बोट दाखवीत राहिले. सरकारची खरी फिर्याद देखील त्याच अंधारांत सांपडली.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांत माहिती मिळविण्याचा व देण्याचा हक्क नमूद आहे. ह्या हक्काविषयीं बोलतांना आपल्या डोळ्यांपुढें वर्तमानपत्रें येतात. माझ्या डोळ्यांपुढें आईची खुशाली न कळणारा परदेशस्थ मुलगा येतो. जून २०२१ नंतर टेलिफोन, वीज, बँका सारेंच पुन्हां बंद झालें. मेकेले येथील आयडर रुग्णालयांत इन्सुलिन मिळेना; डॉक्टरांना पगार नाहीं, आणि शिल्लक असून ती काढतां येत नाहीं.

प्रिटोरिया येथें २ नोव्हेंबर २०२२ रोजीं तह झाला. २८ डिसेंबरला मेकेलेस पहिलें प्रवासी विमान उतरलें. आप्तांना मिठ्या मारून लोक रडत होते. घरांतील कोण गेलें, हें कित्येकांना तेव्हां प्रथम कळलें.