खपत नाही म्हणून काढायचं नाही
(रेडिओवरील भाषण)

मला दिलेला विषय आहे न्यूयॉर्कच्या 'फोकवेज रेकॉर्ड्स' या लोकसंगीताच्या कंपनीचा इतिहास, आणि दिलेला वेळ आहे दहा मिनिटं. अडतीस वर्षांचा कारभार दहा मिनिटांत मावत नाही, म्हणून एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलात तरी रेडिओ बंद करू नका.

ती गोष्ट अशी. १९४८ पासून १९८६ पर्यंत या कंपनीनं २१६८ रेकॉर्डी काढल्या. आठवड्याला एकीपेक्षा जास्त पडतात, हिशेब करून बघा. आणि कंपनीचा नियम असा की एकदा काढलेली रेकॉर्ड, खपत नाही म्हणून, यादीतून काढायची नाही. वर्षात पाच जणांनी मागितली तर त्या पाच जणांना मिळाली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, हौशी माणूस असेल, बापाचा पैसा उडवत असेल. इथेच चूक होते. हा माणूस व्यापारी होता, आणि हा नियम व्यापाराचा होता.

जुन्या पेठेतलं काष्ठौषधीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. भिंतभर लाकडी खण. सुंठ, ज्येष्ठमध, हिरडा रोज खपतो. मुरुडशेंगेचा खण कधीमधी उघडतो, आणि काकडशिंगीच्या खणाची तर मूठही धुळीनं माखलेली. दुकानदाराचा शिकून आलेला मुलगा म्हणतो, "बाबा, हे खण काढू आणि इथे च्यवनप्राशच्या बरण्या मांडू." म्हातारा म्हणतो, "अरे, सुंठ कोपऱ्यावरचा वाणीही देतो. गिऱ्हाईक तीन पेठा ओलांडून येतं ते काकडशिंगीसाठी, आणि आलं की सुंठही आपल्याकडूनच नेतं." फोकवेजचे मालक मोझेस ॲश म्हणजे हा म्हातारा. त्यांच्या दुकानात असे दोन हजारांवर खण होते.

ॲश यांचा जन्म १९०५ चा, वॉर्सातला. वडील शोलेम ॲश यिडिश भाषेतले नामांकित कादंबरीकार. पोरानं मात्र लेखणीऐवजी तारा हाती घेतल्या. जर्मनीत रेडिओचं तंत्र शिकून आला आणि न्यूयॉर्कला रेडिओ दुरुस्ती, ध्वनिक्षेपक बसवणं असली कामं करू लागला. डब्ल्यूईव्हीडी नावाच्या केंद्रावरून यिडिश कार्यक्रम होत, त्या केंद्राची यंत्रसामग्रीही त्यानं बांधली. म्हणजे माणूस आमच्या धंद्यातला! तिथूनच तो रेकॉर्डींकडे वळला.

पहिली कंपनी स्वतःच्या नावाची, दुसरी 'डिस्क'. डिस्क बुडाली. ॲश सांगत, की नॅट किंग कोलच्या नाताळच्या रेकॉर्डवर भलता पैसा लावला आणि बर्फाच्या वादळात माल वाटेतच अडकला. नाताळ गेला, पैसाही गेला. दिवाळं निघाल्यावर १९४८ मध्ये फोकवेज उभी राहिली. दिवाळखोराचं नाव मालक म्हणून लावता येईना, म्हणून कागदोपत्री प्रमुख झाल्या त्यांच्या सहकारी मेरियन डिस्टलर. एका घबाडावर सगळं लावणारा माणूस त्यानंतर पुन्हा तसा वागला नाही. माझ्या मते काकडशिंगीचं शहाणपण इथलं आहे.

आता हिशेब ऐका. मोठ्या कंपन्यांचं गणित हजारांचं. तेवढ्या प्रती उठल्या नाहीत की रेकॉर्ड बाद. ॲश एका वेळी काहीशेच प्रती दाबून घेत, संपल्या की आणखी थोड्या. कव्हरचा थाट नाही. काळ्या जाड पुठ्ठ्याचं पाकीट आणि त्यावर छापील कागद डकवलेला. ऑफिसात माणसं मोजकी. आणि गिऱ्हाईक कोण? ग्रंथालयं, शाळा, विद्यापीठं. ही गिऱ्हाइकं हुकमी. त्यांना या वर्षीचं गाजलेलं गाणं नको असतं, जे दुसरीकडे मिळत नाही ते हवं असतं. एकेक खण थोडंथोडं देतो आणि दोन हजार खण मिळून दुकान चालतं. म्हणून म्हणतो, नीट ऐका. न खपणारा माल ठेवूनही कंपनी तगली, असं समजू नका. सगळा माल ठेवला म्हणूनच ती तगली. दुकानदारीच तशी बेतलेली होती.

उजळ बाजूच सांगतो असं नको. पैसे देताना ॲश यांचा हात आखडता असे. सुरुवातीला थोडी रक्कम हातावर ठेवायची आणि पुढच्या हिशेबाचं नाव काढायचं नाही, अशी कलावंतांची कुरकुर होती. ती खोटी नव्हती. तरी माणसं येत राहिली, कारण दार उघडं असे. वुडी गथ्री १९४४ मध्ये आला आणि काही आठवड्यांत शंभराहून जास्त गाणी गाऊन गेला. 'धिस लँड इज युअर लँड' त्यातलंच. पीट सीगर आपल्याला 'हम होंगे कामयाब'च्या इंग्रजी मुळामुळे ठाऊक. डाव्या विचारांपायी त्यांना टीव्ही आणि मोठे रंगमंच बंद झाले, तेव्हाही ॲश त्यांच्या रेकॉर्डी काढत राहिले. पन्नासावर काढल्या.

गाणीच होती असंही नाही. १९५८ मध्ये फोकवेजनं उत्तर अमेरिकेतल्या बेडकांच्या आवाजांची रेकॉर्ड काढली. हसू नका. चार्ल्स बोगर्ट या न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या शास्त्रज्ञानं ५७ जातींच्या बेडकांचे ९२ आवाज त्यात दिले आणि कोणता नर कशासाठी ओरडतो ते समजावून सांगितलं. तसाच भंगारखान्याचा आवाज, ऑफिसचा आवाज, वाफेच्या इंजिनांचा आवाज. आज वाफेचं इंजिन कुठे ऐकाल? खण ठेवला होता म्हणून ऐकता येतं.

आता हॅरी स्मिथची हकिगत. हा विक्षिप्त तरुण जुन्या ७८ च्या रेकॉर्डी गोळा करी. पैशांची चणचण, म्हणून त्या विकायला ॲश यांच्याकडे आला. ॲश म्हणाले, विकतोस कशाला, यांतून निवडून संच कर. १९५२ मध्ये सहा लाँगप्लेंचा, ८४ गाण्यांचा संच निघाला. मूळ रेकॉर्डी १९२७ ते १९३२ च्या, मोठ्या कंपन्यांच्या, आणि त्यांनी केव्हाच बाद केलेल्या. परवानगी? घेतली नव्हती. तुम्ही खण फेकून दिलात, तर त्यातल्या औषधावर तुमचा हक्क उरला कुठे, अशा वळणाचा ॲश यांचा युक्तिवाद असे. कायद्यात हे बसत नव्हतं, आणि पुढे १९९७ मध्ये संच पुन्हा निघाला तेव्हा रीतसर परवानग्या घेतल्या गेल्या. पण त्या संचातून काय झालं बघा. मिसिसिपी जॉन हर्ट या शेतमजुराची दोन गाणी त्यात होती. १९२८ मध्ये गायला आणि पुन्हा शेतावर गेला. संचामुळे त्याचं नाव तरुणांच्या तोंडी झालं. त्याच्या दुसऱ्या एका जुन्या गाण्यात ॲव्हलॉन गावाचा उल्लेख होता. १९६३ मध्ये एक चाहता तो धागा धरून त्या गावी गेला, तर हर्ट तिथेच, सत्तरीचा! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारोंसमोर गायला. आणखी तीन वर्षं जगला, पण ती गायक म्हणून.

आता पुडीवरच्या चिठ्ठीबद्दल. बाळगुटीची पुडी बांधताना जाणता दुकानदार सांगतो, हळकुंडाचे इतके वेढे, वेखंडाचा एकच, जास्त उगाळाल तर पोराला सोसणार नाही. नुसत्या मुळ्या दिल्या आणि वेढे सांगितले नाहीत, तर त्या काटक्याच. फोकवेजच्या प्रत्येक रेकॉर्डबरोबर पुस्तिका असे. कोण गातं, कुठलं, कोणत्या प्रसंगी, शब्द काय, वाद्य कसं बनवतात. कागद साधा, पण तो चुकत नसे. पुढे सगळं जग फोनवर आलं आणि हे वेढेच आधी गळाले. गाणं कानात वाजतं आणि ढोलकी कुणाची हे सांगणारा कागद नाही. हे मला फार टोचतं. यावर वेगळं बोलायला हवं, पण घड्याळ पळतंय.

एक आपल्या घरचं उदाहरण सांगतोच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड अवकाशात गेली. तिच्यावर पेरू देशातल्या एका मुलीचं लग्नाचं गाणं आहे, ३८ सेकंदांचं. जॉन कोहेन यांनी ते तिथल्या डोंगरांत ध्वनिमुद्रित केलं आणि फोकवेजनं १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच रेकॉर्डवर आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी सुचवलेली. पण ती रेकॉर्ड बाजारातून गेलेली! शोधताशोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली तीन प्रती मिळाल्या. सुरश्री केसरबाईंची भैरवी आणि टेबलाखाली! त्या पेरूच्या मुलीचं नाव जगाला ठाऊक नव्हतं, तरी तिचा खण शाबूत होता. आमच्या केसरबाईंचा नव्हता. कुणावर रागवायचं ते तुम्हीच ठरवा.

१९८६ मध्ये ॲश वारले. पुढल्या वर्षी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेनं सगळा संग्रह घेतला. ॲश यांच्या बाजूची अट एकच, तुम्ही ओळखलीच असेल. २१६८ मधलं प्रत्येक शीर्षक मागणाऱ्याला मिळत राहिलं पाहिजे. संस्थेनं ती पाळली. आधी मागणीप्रमाणे कॅसेट भरून दिल्या, मग सीडी, आता संगणकावरून. बेडूक आजही मिळतात, पुस्तिकेसकट. २०१५ मध्ये युनेस्कोनं हा संग्रह जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत घेतला.

निर्माते काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत, तेव्हा थोडं रागावून घेतो. तुमच्या फोनमध्ये आत्याची हळदीची गाणी आहेत, गावच्या भजनी मंडळाचा एखादा अभंग आहे. जागा भरली की तुम्ही आधी तेच पुसता आणि सुप्रभातची चित्रं ठेवता. कुणी ऐकत नाही म्हणता ना? आज ऐकत नसेल. पुसण्याआधी दुसरीकडे उतरवा, आणि खाली लिहा: कोण गातंय, गाव कोणतं, कधीचं, कशाच्या वेळी. एवढे वेढे पुरेत.

एला जेंकिन्स यांच्या मुलांच्या गाण्यांबद्दल बोलायचं राहिलंच. १९५७ पासून त्या फोकवेजसाठी गायल्या, आणि शाळांमधली ती मागणी या कंपनीला किती आधाराची होती, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. पण आता वेळ... शिक्षक ऐकत असतील तर त्यांनी केंद्राच्या पत्त्यावर पत्र टाकावं, मी उत्तर देईन.